नाथाजी तपासनीस आणि केरबाचा पटका

सातारा, सोमवार, ता. १८ नोव्हेंबर १९४६. सकाळी चांगलीच थंडी. नळ उशिरा आला. ह्यांच्याकडे वडूजच्या बाजूचे जोतीराम नावाचे म्हातारे मेंढपाळ आले, सोबत मुलगी शालूबाई. तिचा नवरा केरबा दिवाळीनंतर भिलवडीजवळ कृष्णेत बुडून गेला. पोलिसांनी आत्महत्या असे लिहिले आहे. ती माहेरून मातीला गेली तेव्हा सासरच्यांनी तिला घालवून दिले व दोन वर्षांची मुलगी ठेवून घेतली. ह्यांनी नाथाजी शेलारांना बोलावणे धाडले. दुपारी वांग्याची भाजी व भाकरी. शालूबाई जेवली नाही.

एवढंच त्या दिवशी लिहिलं आहे. पांचगणीच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी रोज चार ओळी लिहायची सवय लावली, ती आज एवढ्या वर्षांनीही सुटलेली नाही. पण चार ओळींत नाथाजी मावणं शक्य नव्हतं. म्हणून आज सविस्तर लिहिते.

नाथाजी शेलार मेढ्याकडचे. घरी डोंगरउताराची शेती, भाऊ ती करत. नाथाजी लढाईत मिलिटरी पोलिसात होते. कैरोच्या गोदामांतून साखर आणि बूट कोण पळवतं ते शोधायचं, हे त्यांचं काम. लढाई संपली, ते घरी आले आणि नांगर धरायला त्यांनी साफ नकार दिला. साताऱ्यात एक खोली घेतली आणि बाहेर पाटी लावली: ‘नाथाजी शेलार, खासगी तपास. संपूर्ण गुप्तता.’ पाटी एवढी मोठी की तिच्याखाली कोण शिरलं ते समोरच्या तिन्ही दुकानांतून दिसे. आमचे हे वकील. ते त्यांना एकदा म्हणाले, ‘‘नाथाजीराव, अहो गुप्तता पाहिजे तर पाटी तरी लहान करा.’’ त्यावर नाथाजी म्हणाले, ‘‘सायेब, ल्हान पाटी लावली तर गिऱ्हाइकाला मलाच शोधाय लागंल.’’

खाकी अर्धी चड्डी, डोक्यावर फेल्ट हॅट, मेणानं पीळ दिलेल्या मिशा आणि सायकल. तोवर त्यांनी चोरीच्या म्हशी शोधल्या होत्या आणि काही नवरदेवांची माहिती काढून दोन लग्नं मोडली होती. मृत्यूचा तपास त्यांच्याकडे आला तो हा पहिला. बोलावणं पोचलं तसे ते सायकल हाणत आले आणि ओसरीत सलाम ठोकून उभे राहिले. डोळे नुसते लकाकत होते.

ह्यांनी सगळी हकीकत सांगितली. केरबाचं बिऱ्हाड म्हणजे मेंढरं घेऊन फिरणारं. दसऱ्यानंतर ही माणसं दुष्काळी भागातून कृष्णाकाठी उतरतात. बागाईतदार त्यांची मेंढरं रानात बसवून घेतात, लेंडीखतासाठी. केरबा, त्याची आई अंबूबाई आणि धाकटा भाऊ दादासो भिलवडीजवळ उसाच्या पट्टीत उतरले होते. शालूबाई नव्हती. नवऱ्याशी भांडून ती माहेरी गेली होती. चार दिवसांनी केरबा नदीत मेलेला सापडला. काठावर घोंगडी, काठी, वहाणा आणि देवाच्या भंडाऱ्याची पिशवी नीट ठेवलेली. पोहता येत नसलेला माणूस, बायको रुसून गेलेली, देवाचा भंडारासुद्धा उतरवून ठेवलेला. फौजदारांनी यावरून आत्महत्या लिहिली. पंचांनी अंगठे उठवले.

‘‘आता जातीचे पंच पुढच्या महिन्यात बसणार,’’ जोतीराम म्हणाले. ‘‘ते म्हणत्यात, सरकारनंच लिवलंय की बायकूच्या तरासानं जीव दिला. मग लेकरू तिला कशाला द्याचं? रंगी आमची दोन वर्साची हाय, सायेब.’’

शालूबाई खांबाला टेकून बसली होती. एकविशीतली असेल. ती एवढंच बोलली, ‘‘त्यो जीव देनाऱ्यातला न्हवता.’’

‘‘मेलेल्याचं सगळेच असं म्हणतात, बाई,’’ हे म्हणाले. ‘‘प्रांतसाहेबांना पुरावा लागतो.’’

पंचनाम्याची नक्कल ह्यांनी मागवली होती. नाथाजींना वाचन जमे, पण मोडक्या चाकाच्या गाडीसारखं. म्हणून मी वाचून दाखवली. काठावरच्या वस्तू वाचल्या, प्रेतावरचे कपडे वाचले. नाथाजींनी हात वर केला.

‘‘वैनीसायेब, डोसक्याला काय हुतं?’’

मी पुन्हा पाहिलं. डोक्याला काही नव्हतं. काठावरही नव्हतं.

‘‘धनगर आन् बोडक्या डोक्यानं?’’ नाथाजी उठून येरझारा घालू लागले. ‘‘पटका कुठं गेला? तांबडा पटका हुता का न्हाई, शालूबाई?’’

‘‘हुता की. लग्नातला.’’

‘‘झालं तर मग. सायेब, ही खुनाची केस हाय. पटका ज्याच्याकडं, खुनी त्यो.’’ आणि त्यांनी तिथल्या तिथे दादासोवर संशय धरून टाकला.

खरं सांगते, मला त्या रात्री झोप आली नाही. खून म्हणजे काय ते आम्ही शाळेत पांघरुणात दडून वाचलं होतं. तो आता आमच्या ओसरीत आला होता.

नाथाजी भिलवडीला जाऊन आले आणि चड्डी फाटून आले. वाड्यावरच्या, म्हणजे मेंढपाळांच्या तळावरच्या कुत्र्यांनी त्यांना मागून धरलं होतं. भिंग घेऊन नदीकाठावर रांगत असताना. ‘‘सर्व चौकशी झाली,’’ असं म्हणत ते उभ्यानेच चहा प्याले, बसणं अवघड होतं. अंबूबाई पाठ फिरवून पालात गेली होती. दादासोला त्यांनी उलटसुलट विचारलं होतं. चोर आले होते का? नाही. कुणाशी वैर? नाही. मेंढरं चोरीला गेली, कमी झाली? तर दादासो म्हणाला होता, ‘‘देवाच्या दयेनं सगळी हायती.’’ फौजदारांनाही त्याने हेच सांगितलं होतं.

‘‘म्हंजे चोरीचा मामला न्हाई,’’ नाथाजी म्हणाले. ‘‘घरातलाच मामला. पर पटका काय गावंना.’’

ह्यांनी विचारलं, ‘‘तो पटका कुणी पाहिला तर ओळखणार कसा? तांबडे पटके साऱ्या जिल्ह्यात आहेत.’’

म्हणून शालूबाईला तिथे न्यायचं ठरलं. तरणी विधवा परक्या पुरुषाबरोबर कशी जाणार? जोतीरामांचे गुडघे गेलेले. हे माझ्याकडे बघू लागले, आणि त्यांनी काही म्हणायच्या आत मी ट्रंकेतून शाल काढली होती.

सातारा रोड स्टेशनावर गाडी धरली. नाथाजी डब्यात बसेनात, दारात उभे. प्रत्येक स्टेशनावर उतरून ते पाठीमागच्या डब्यांवर नजर टाकून येत. कुणी पाठलाग करत नव्हतं. शालूबाई खिडकीशी बसली होती. ताकारी गेल्यावर ती आपण होऊन बोलायला लागली. भांडण एका बकऱ्यावरून, म्हणजे त्यांच्या बोलीत मेंढ्यावरून, झालं होतं. हौशा त्याचं नाव. आई मेलेलं कोकरू तिने दुधाच्या चिंधीने वाढवलं होतं. आता तो थोराड झाला होता, केरबा त्याला सांगलीच्या खाटकाला विकणार म्हणत होता.

‘‘मी म्हनलं, आधी मला इका. तर म्हनला, तुला घेतंय कोन.’’ ती जराशी हसली, मग पदर तोंडाला लावून खिडकीकडे वळली.

उसाच्या पट्टीशी पोचलो तेव्हा सकाळची उन्हं वर आली होती. मेंढरं वाघरातून, म्हणजे जाळ्याच्या कुंपणातून, बाहेर निघत होती. धूळ, बेंबाटणं, कुत्र्यांचा कालवा. नाथाजींनी हातातली काठी घट्ट धरली. अंबूबाई पालापुढे उभी होती, कडेवर रंगी. सुनेला पाहताच तिने पोरीचं तोंड पलीकडे फिरवलं.

‘‘तितंच थांब,’’ ती म्हणाली. ‘‘वाड्यात पाय टाकू नगंस.’’

शालूबाई बांधावर थांबली. पोरीकडे बघवेना म्हणून असेल, ती मेंढरांकडे बघत राहिली. मग तिने जिभेने टाळूला एक आवाज काढला आणि हाक मारली, ‘‘हौश्याऽ, ये रं!’’

काही मेंढरांनी माना वर केल्या. पुन्हा हाक. कुणी आलं नाही. तिसऱ्यांदा हाक मारताना तिचा आवाज बदलला.

‘‘दादासो, माझा हौशा कुठं हाय?’’

दादासो काठीने माती उकरू लागला. मिसरूड फुटलेला, भाबडा चेहरा.

नाथाजी त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले. ‘‘का रं? मला म्हनलास सगळी हायती.’’

‘‘मग काय म्हनू?’’ दादासो उसळला. ‘‘आवं, मेंढरं किती, कमी झाली का, आसं कुनी इचारलं तर ‘सगळी हायती’ आसंच म्हनायचं आसतंय. आज्ज्यानं शिकीवलंय. ‘कमी’ म्हनलं की कमी हुत्यात. आमी मोजतबी न्हाई.’’

‘‘लेका, मानूस मेलंय!’’

‘‘मानसाचं तुमी इचारलं, ते सांगितलं. मेंढराचं इचारलं, ते सांगितलं.’’

मी अंबूबाईकडे पाहिलं. तिने मान हलवली, म्हणजे तो काही वावगं बोलला नाही असं. खोटं बोलल्याचं त्या मायलेकरांच्या मनातही नव्हतं. पाहुण्याने ‘बरं आहे ना’ विचारल्यावर आपण ‘बरं आहे’ म्हणतो, तसंच ते.

‘‘पन हौशा गेला कवा?’’ शालूबाईने विचारलं.

‘‘दादा गेला तवापास्नं न्हाई. मला वाटलं, आदल्या दिशी इकला आसंल सांगलीला. इकनार म्हनतच हुता.’’

‘‘इकला आसता तर त्याचं पैकं कमरंला गावलं नसतं का?’’ ती म्हणाली.

नाथाजींनी हॅट काढली. इतका वेळ मी त्यांना हॅटशिवाय पाहिलंच नव्हतं. त्यांचं डोकं साफ टकलं होतं. ते त्यांनी दोन्ही हातांनी चोळलं आणि नदीकडे चालू लागले. आम्ही मागे. दादासोही आला.

काठावर गाळाचा भाग होता. परतीच्या पावसाने नदीला अजून ओढ होती. दादासोने केरबाची घोंगडी कुठे होती ते दाखवलं. जनावरं तिथेच पाण्यावर जात.

‘‘बकरं गाळात रुतलं,’’ नाथाजी हळू बोलत होते, जणू डोळ्यांपुढे दिसतंय. ‘‘पुढं सरकलं, वढीला लागलं. ह्यानं घोंगडी टाकली, वहाना काढल्या. आन् भंडारा?’’

‘‘भिजंल की त्यो,’’ शालूबाई म्हणाली. ‘‘हळद पान्यात कशी न्यायची?’’

‘‘मेंढरू वढाय दोर न्हाई. तवा डोसक्याचा पटका सोडला.’’ नाथाजी एकदम माझ्याकडे वळले. ‘‘वैनीसायेब, खून न्हाई हो! पटका बकऱ्याच्या शिंगाला हाय!’’

त्यांचा खुनाचा सिद्धांत कोसळला होता आणि माणूस आनंदाने नाचायचा बाकी होता. दादासोचा हात धरून त्यांनी तो हलवला, साहेबासारखा. दादासोला काही कळलं नाही.

शालूबाई मात्र खाली बसली. तिचं काय झालं असेल ते मला तेव्हाच उमगलं. ज्या बकऱ्यावरून ती भांडून गेली, त्याच्याच मागे तो पाण्यात उतरला होता. विकायचा म्हणून की तिचा म्हणून, हे आता कोण सांगणार? तिने तोंडावर पाणी मारलं आणि उठली. ‘‘खाली जाऊन बघू या,’’ म्हणाली.

खालच्या अंगाला सांगली संस्थानाची हद्द लागे. तिथे साताऱ्याच्या पोलिसांचा अंमल नव्हता, त्यामुळे तिकडे कुणी विचारायलाही गेलं नव्हतं. नाथाजींना हद्द अडवत नव्हती. एक बैलगाडी ठरवून आम्ही काठाकाठाने निघालो. प्रत्येक वस्तीवर नाथाजी उडी मारून उतरत, हॅट सरळ करत आणि म्हणत, ‘‘मी तपास अधिकारी शेलार. एक बकरं वाहत आलं का?’’ आणि प्रत्येक वस्तीवर माणसं आकाशाकडे बघत म्हणत, ‘‘न्हाई बा.’’

तिसऱ्या वस्तीनंतर शालूबाई म्हणाली, ‘‘दादा, राग नगा मानू. तुमाला बघून मानसं भित्यात. आता गाडीतच बसा.’’

‘‘मी?’’

‘‘आन् ती टोपी काढा.’’

पुढे उताराच्या नावेचा घाट होता. नाविकाच्या झोपडीपुढे त्याची बायको राहीबाई भाकरी थापत होती. शालूबाई सरळ तिच्यापाशी जाऊन बसली, पाणी मागितलं, चुलीत लाकूड सारलं. मी आपली शेजारी बसले. दोघी ऊस, पाऊस, पोरं यांच्यावर बोलत होत्या आणि मला कळत होतं की शालूबाई माझा हात दाबते आहे. मी तिच्या नजरेच्या रोखाने पाहिलं. आंब्याच्या फांदीला झोळी टांगलेली होती. झोळीत तान्हं पोर निजलेलं. झोळी तांबडी होती.

‘‘झोळी छान हाय गं,’’ शालूबाई म्हणाली.

राहीबाईचा हात थांबला. ‘‘जुनीच हाय.’’

‘‘खालच्या अंगाला जळल्यालं भोक हाय बघ. चिलमीचं. लग्नातल्या पटक्याला भोक पाडलं म्हनून मी दोन दिस बोलले नव्हते.’’

राहीबाई उठू लागली. शालूबाईने तिचा पदर धरला, जोराने नाही. ‘‘बकऱ्याचं पैकं मागाया न्हाई आले, बाई. ह्यो पटका माझ्या धन्याचा, बकऱ्यामागं बुडाला त्यो. त्यानं जीव दिला न्हाई, एवढं तुझ्या तोंडानं सांग. माझी पोर मला द्यायनात.’’

राहीबाई पुन्हा खाली बसली. मग तोंडात पदर कोंबून म्हणाली, ‘‘शिंगाला हुतं गं बाई. गाठ सुटंना, म्हनून इळ्यानं कापलं. बकरं फुगल्यालं. आमी म्हनलं, कुनी चोर म्हनंल, म्हनून गप बसलो. मानूस बुडाला हे कळलं आसतं तर...’’

‘‘शिंगं कुठं हायती?’’ हे नाथाजी. ते गाडीतून कधी उतरले आणि मागे येऊन कधी उभे राहिले, आम्हाला कळलंच नव्हतं.

शिंगं छपरावर होती. नाविकाने काठीने पाडली. एका शिंगावर तांबड्या कापडाची गाठ तशीच आवळलेली, सुकून लाकडासारखी झालेली. दादासोने ती पाहिली आणि त्याला रडू कोसळलं. ‘‘दादाचीच गाठ,’’ म्हणाला. केरबा डावखुरा होता, त्याची गाठ उलटी बसे.

आता कापलेलं टोक झोळीच्या टोकाशी जुळवून बघायचं, एवढंच बाकी. नाथाजी झोळीकडे धावले. शालूबाई आडवी आली.

‘‘लेकरू निजलंय.’’

‘‘आगं, पुरावा हाय त्यो!’’

‘‘उठंल तवा उठंल.’’

मग आम्ही बसलो. नाथाजी, मी, दादासो, नाविक, गाडीवान, सगळे आंब्याखाली त्या पोराच्या उठण्याची वाट बघत. राहीबाईने सगळ्यांना भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा दिला. नाथाजींचा घास हातातच राही. पोर हललं की ते अर्धे उभे राहत, पुन्हा निजलं की बसत. एकदा त्यांनी मुद्दाम मोठ्याने खोकून पाहिलं, तेव्हा शालूबाईने त्यांच्याकडे असं काही बघितलं की त्यांनी खोकला गिळला. अखेर पोराने डोळे उघडले, न रडता इकडेतिकडे पाहिलं, आणि राहीबाईने त्याला उचललं. नाथाजींनी झोळी सोडून टोकं जुळवली. विळ्याचा तिरका काप धाग्याला धागा जुळला.

मी माझी शाल काढून त्या पोराच्या झोळीसाठी बांधून दिली. ह्यांनी नंतर विचारलं, शाल कुठे? मी सांगितलं, पुराव्यात गेली.

नाविक आणि राहीबाई आमच्याबरोबर सांगलीला आले. संस्थानच्या मॅजिस्ट्रेटांपुढे त्यांचे जबाब झाले. नाथाजींनी तिथे असा सलाम ठोकला की शिपाई दचकला. साताऱ्यात ह्यांनी अर्ज केला, आणि प्रांतसाहेबांनी फौजदारांना बोलावलं. फौजदार काही वाईट गृहस्थ नव्हते. शिंगांकडे बराच वेळ बघून ते म्हणाले, ‘‘मी त्याला स्वतः विचारलं होतं, जनावर कमी आहे का म्हणून.’’ दादासो खाली मान घालून उभा होता. प्रांतसाहेबांनी शेरा मारला: अपघाती मृत्यू.

नाथाजींनी मोबदल्यात जोतीरामांकडून एक घोंगडी घेतली, दुसरं काही घेईनात. त्यानंतर त्यांच्याकडे खूप माणसं येऊ लागली, अगदी मिरज-जतहून. कुणाचा भाऊ रेल्वेखाली गेलेला, कुणाची लेक विहिरीत. सगळ्याच ठिकाणी पोलीस चुकलेले नसत, आणि तसं असलं की नाथाजी ते तोंडावर सांगत, आणि लोक रागावून जात. खुनाचा पहिला संशय त्यांना प्रत्येक वेळी यायचाच, आणि बहुतेक वेळा तो मोडायचा. पण जनावरांची संख्या विचारायला ते पुन्हा कधी गेले नाहीत. ते विचारत, ‘‘हाका मारा बघू त्यास्नी.’’ मेढ्याच्या घरी ते वारले, त्याला आता बरीच वर्षं झाली. पाटी त्यांच्या पुतण्याने गोठ्याच्या दाराला लावली आहे.

प्रांतसाहेबांच्या हुकुमानंतर पंचांपुढे जायची वेळच आली नाही. दादासोने घरी जाऊन हुकूम सांगितल्यावर आठवड्याभराने एका दुपारी अंबूबाई आमच्या दारात आली. पायीच एवढी आली होती की बसने, कोण जाणे. कडेवर रंगी. शालूबाई तेव्हा आमच्याकडेच होती. तांदूळ निवडत होती, ती सूप हातात घेऊन तशीच उभी राहिली.

नाथाजीही तिथे होते. अंबूबाई त्यांच्याकडे किंवा माझ्याकडे न बघता सुनेला म्हणाली, ‘‘तुझ्या बकऱ्यापायी गेला माझा ल्योक. हेबी खरंच हाय.’’

‘‘व्हय,’’ शालूबाई म्हणाली.

‘‘इकू दिलं आसतंस तर आज आसता.’’

‘‘व्हय, आत्ती.’’

नाथाजी काही तरी बोलायला पुढे झाले. मी त्यांना हातानेच थांबवलं. अंबूबाईने पोरीला खाली ठेवलं. रंगी क्षणभर दोघींच्या मध्ये उभी राहिली, मग आईच्या लुगड्याला जाऊन बिलगली. सुपातले तांदूळ सांडले.

‘‘पोर तुझीच हाय,’’ अंबूबाई म्हणाली. ‘‘वाड्यावर येनार आसशील तर ये. दादासोला एकट्याला मेंढरं आवरंनात.’’ आणि ती ओसरीच्या पायरीवर बसली, पाय चोळत.

शालूबाईने पोरीला उचललं आणि सासूला आत ये म्हणाली. त्या रात्री तिघी आमच्या स्वयंपाकघराच्या शेजारच्या खोलीत निजल्या. रंगी दूध पिऊन पिऊन थकली.

निजण्यापूर्वी मी लिहिलं: थंडी कमी. नाथाजी जेवून गेले. दूध सगळं संपलं, विरजणाला राहिलं नाही. उद्या ताक नाही.